काळ्या जमिनीतला कर्ब : मराठवाड्यात जमीन वापरानुसार सेंद्रिय कर्ब कसा मोजावा आणि कसा टिकवावा

मराठवाड्यातील जमीन काळी आहे, म्हणून तिच्यात सेंद्रिय कर्ब (वनस्पती, जनावरे व सूक्ष्मजीव यांच्या अवशेषांतून आलेला कार्बन) भरपूर असणार, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात हा काळा रंग बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या चिकणमातीचा, त्या खडकातील टायटॅनियमयुक्त लोहखनिजांचा आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून राहिलेल्या थोड्याशा सेंद्रिय पदार्थाचा एकत्रित परिणाम आहे. परभणी, जालना किंवा लातूर जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतांचे माती परीक्षण अहवाल पाहिले, तर सेंद्रिय कर्बाचा आकडा अनेकदा ०.५ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली दिसतो. मात्र त्याच शिवारात न नांगरलेला जुना रुंद बांध, राखलेले गायरान किंवा चिंचेखालची जमीन तपासली, तर आकडा शेजारच्या शेतापेक्षा बहुधा वरचा येतो. माती तीच, पाऊस तोच आणि खडकही तोच असताना पडलेला हा फरक मुख्यतः जमीन वापराचा आहे.

हा फरक आपल्या शिवारात कसा मोजावा आणि त्यावरून काय करावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. शेतकरी, कृषी सहायक, पाणलोट समितीचे सदस्य आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक यांना तो डोळ्यांसमोर ठेवून वापरता येईल. लेखातील आकडेमोड शाळेतल्या गुणाकाराच्या पलीकडे जात नाही, पण ती वगळून चालणार नाही, कारण सेंद्रिय कर्बाविषयी होणारे बहुतेक अतिशयोक्त दावे साध्या गुणाकारापुढे टिकत नाहीत.

आधी कारणे समजून घ्यावीत

जमिनीतील कर्बाचा साठा म्हणजे आवक आणि जावक यांच्यातील शिल्लक. आवक मुळे, पानगळ, धसकटे, शेणखत आणि पिकांचे अवशेष यांतून होते. जावक तीन वाटांनी होते : सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाऊन तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडतात, पावसाचे पाणी वरची कसदार माती वाहून नेते आणि आपण स्वतः कडबा, भुसकट, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) व शेण शेताबाहेर नेतो किंवा जाळतो.

उष्ण प्रदेशात पहिली वाट फार रुंद असते. पुरेसा ओलावा असेल, तर तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यावर कुजण्याचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत माती तापलेली असते, पण कोरडी असल्यामुळे सूक्ष्मजीव थंडावलेले असतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, की ते एकदम जागे होतात आणि थोड्या दिवसांत मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पूर्व आफ्रिकेत काम करणारे संशोधक बर्च यांनी १९५० च्या दशकात हा परिणाम तपशीलवार दाखवला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पावसाळ्याच्या तोंडावर जमीन जितकी उकललेली आणि भुसभुशीत केलेली असेल, तितका हा तडाखा मोठा बसतो, कारण मातीच्या ढेकळांत आणि कणसमूहांत अडकून सुरक्षित राहिलेला सेंद्रिय पदार्थ मशागतीने उघडा पडतो. रोटाव्हेटरने पिठासारखी माती करण्याची सवय या एकाच कारणासाठीही सोडण्याजोगी आहे.

आपल्या काळ्या जमिनीची एक जमेची बाजूही आहे. तिच्यातील स्मेक्टाइट गटातील (ओलीने फुगणारी) चिकणमाती आणि भरपूर कॅल्शियम हे दोन्ही सेंद्रिय पदार्थाला धरून ठेवतात. उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगांमधून वरची माती खाली जाते आणि त्यामुळे कर्ब काही प्रमाणात खोलवर पोहोचतो. म्हणून भारी काळ्या जमिनीत टक्केवारी कमी दिसली, तरी एक मीटर खोलीपर्यंतचा एकूण साठा लक्षणीय असू शकतो. उलट माळावरच्या मुरमाड, वीतभर खोलीच्या जमिनीत वरच्या थरात टक्केवारी चांगली असली, तरी एकूण साठा थोडाच असतो. टक्केवारी आणि साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढच्या प्रत्येक पायरीवर ध्यानात ठेवावे.

जमीन वापर बदलल्याने किती फरक पडतो, याचा अंदाज उष्ण कटिबंधातील अभ्यासांवरून बांधता येतो. ॲक्सेल डॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३८५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. मूळ जंगल तोडून हंगामी पिकांची शेती केल्यावर मातीतील कर्बसाठा सरासरी २५ टक्क्यांनी, बहुवार्षिक पिके घेतल्यावर सुमारे ३० टक्क्यांनी आणि गवताळ जमीन केल्यावर सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसते. झाडांची लागवड म्हणजे मातीत कर्ब वाढणारच, असे गृहीत धरणाऱ्यांनी यातील मधला आकडा पुन्हा वाचावा. शेतजमिनीवर पुन्हा जंगल किंवा गवत येऊ दिले, तर साठा वाढतो, हेही त्याच विश्लेषणात आढळले. तो वाढायला मात्र वर्षानुवर्षे लागतात, आणि एक जोमदार नांगरट व त्यामागून आलेला एक वळवाचा पाऊस त्यातला काही भाग घालवू शकतो. म्हणून असलेला कर्ब टिकवणे हे पहिले काम आणि नवा साठवणे हे दुसरे, असा क्रम मी धरतो.

पहिली पायरी : शिवाराची वाटणी आणि जमीन वापराचा इतिहास

गावाच्या नकाशावर प्रथम जमिनीचे प्रकार वेगळे करावेत : हलकी मुरमाड, मध्यम, भारी काळी आणि असल्यास चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली, पाणी न मुरणारी). तुलना नेहमी एकाच प्रकारच्या जमिनीत करावी. माळावरच्या मुरमाड गायरानाची तुलना नदीकाठच्या भारी कापूस शेताशी केली, तर निघणारा फरक जमीन वापराचा की जमिनीच्या प्रकाराचा, हे कधीच कळणार नाही. एकमेकांना लागून असलेल्या, सारखी खोली, सारखा उतार आणि सारखा रंग असलेल्या, पण वेगळ्या वापराखाली असलेल्या जमिनींच्या जोड्या शोधाव्यात. जुना रुंद बांध आणि त्याला लागूनचे शेत, गायरान आणि त्यातच अतिक्रमणाने वाहितीखाली आलेला तुकडा, मोसंबीची बाग आणि शेजारचे कापूस-तुरीचे रान अशा जोड्या बहुतेक गावांत सापडतात.

त्यानंतर प्रत्येक तुकड्याचा मागील वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास लिहून काढावा. सातबाऱ्यातील गाव नमुना बारावर पिकांची नोंद असते, आणि २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाल्यामुळे अलीकडच्या हंगामांची माहिती मोबाइलवरही मिळते. कागदावर नसलेल्या गोष्टी मात्र माणसांनाच विचाराव्या लागतात. ट्रॅक्टरची नांगरट कधीपासून सुरू झाली, घरची जनावरे किती होती आणि कधी विकली, शेणखत शेवटचे कधी पडले, सोयाबीन येण्यापूर्वी त्या रानात काय होते, विहीर किंवा बोअर कधी घेतले, तलावातील गाळ टाकला का, या प्रश्नांची उत्तरे घरातील वडीलधाऱ्यांकडे असतात. मराठवाड्यातील अनेक गावांत कर्ब घटण्याची गोष्ट जनावरे घटण्याच्या गोष्टीला चिकटलेली आहे. बैल गेले, कडबा बाहेर विकला गेला, ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने घेतले आणि उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या चुलीत गेल्या. हा इतिहास हाताशी नसेल, तर प्रयोगशाळेच्या आकड्यातून फार थोडे समजते.

दुसरी पायरी : नमुना घेणे

रब्बीचे पीक निघाल्यानंतर आणि शेणखत किंवा रासायनिक खत टाकण्यापूर्वी नमुना घ्यावा. कोणताही महिना निवडला, तरी पुढील प्रत्येक मोजणी त्याच महिन्यात आणि शक्यतो तशाच ओलाव्यात करावी. काळी जमीन ओली असताना फुगते आणि वाळल्यावर आक्रसते. त्यामुळे ओल्या जमिनीत १५ सेंटिमीटरपर्यंत मिळणारी माती आणि वाळलेल्या जमिनीत तेवढ्याच खोलीत मिळणारी माती यांचे वजन सारखे नसते. हा मुद्दा दुर्लक्षित राहिल्यामुळे, काहीही न करता कर्ब वाढल्याचे किंवा घटल्याचे आकडे निघतात.

प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणे निवडावीत. बांधाची कड, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा, जनावरे बांधण्याची जागा आणि मळणीची जागा टाळावी. जमीन भेगाळलेली असेल, तर भेगेत वरून पडलेली माती नमुन्यात येणार नाही, अशी काळजी घ्यावी. वरचा पालापाचोळा हलक्या हाताने बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा घ्यावा आणि त्याच्या एका बाजूचा वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा काप काढावा. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर वेगवेगळ्या घमेल्यांत ठेवावेत. फळबागेत आणि भारी जमिनीत ३० ते ६० सेंटिमीटरचा तिसरा थर घेणे अत्यंत उपयोगी ठरते, कारण तुरीसारख्या खोल मुळांच्या पिकाने केलेला फरक तेथेच दिसतो. प्रत्येक थराची सर्व माती एकत्र मिसळावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावेत आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हे करत राहावे. नमुना सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावा आणि गट क्रमांक, खोली, तारीख व जमीन वापर लिहिलेली चिठ्ठी आत ठेवावी. रासायनिक खताचे रिकामे पोते नमुन्यासाठी कधीही वापरू नये.

फळबागेत झाडाच्या विस्ताराखालील आणि दोन ओळींमधील नमुने वेगळे ठेवावेत. दोन्ही एकत्र केले, तर बागेचा खरा प्रश्न झाकला जातो. तो प्रश्न पुढे येईलच.

तिसरी पायरी : स्थूल घनता

कर्बाची टक्केवारी जवळजवळ प्रत्येक अहवालात मिळते. मातीची स्थूल घनता, म्हणजे एक घन सेंटिमीटर जागेतील वाळलेल्या मातीचे वजन, मात्र बहुतेक अहवालांत नसते, आणि तिच्याशिवाय साठा काढता येत नाही. त्यासाठी दोन्ही तोंडे उघडी असलेला, धारदार कडेचा लोखंडी पाइपचा तुकडा पुरतो. समजा त्याचा आतील व्यास ७ सेंटिमीटर आणि उंची ८ सेंटिमीटर आहे, तर त्याचे आकारमान सुमारे ३०८ घन सेंटिमीटर भरते. पाइपवर लाकडी ठोकळा ठेवून तो मातीत सरळ ठोकावा, बाजूची माती खणून काढावा, दोन्ही तोंडे सुरीने सपाट करावीत आणि आतली सर्व माती पिशवीत घ्यावी. ती प्रयोगशाळेतील भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून वजन करावे. वजन ४०० ग्रॅम भरले, तर स्थूल घनता ४०० भागिले ३०८, म्हणजे सुमारे १.३० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. प्रत्येक थरासाठी किमान तीन ठिकाणी हे मोजून सरासरी घ्यावी. मुरमाड जमिनीत दोन मिलिमीटरहून मोठे खडे चाळून त्यांचे वजन आणि त्यांनी व्यापलेली जागा वजा करावी, नाहीतर दगडांतही कर्ब असल्याप्रमाणे हिशेब फुगतो.

चौथी पायरी : प्रयोगशाळेत काय मागावे

जिल्ह्याची मृद परीक्षण प्रयोगशाळा, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि खरपुडी, तोंडापूर, तुळजापूर, सगरोळी यांसारख्या ठिकाणची कृषी विज्ञान केंद्रे येथे माती तपासणीची चौकशी करता येते. सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढलेला आहे ना, हे विचारून घ्यावे. १९३४ सालच्या या पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने फक्त सेंद्रिय कर्बाचे ऑक्सिडीकरण होते. त्यातून सर्व कर्ब पकडला जात नाही, साधारण तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक पकडला जातो, आणि उरलेल्यासाठी गुणक वापरला जातो. दुसरी पद्धत यंत्रात माती अतिशय उच्च तापमानाला जाळण्याची आहे. ती अचूक असली, तरी मराठवाड्यासाठी तिच्यात एक धोका आहे : आपल्या जमिनी चुनखडीयुक्त आहेत आणि जाळताना चुनखडीतील कर्बही मोजला जातो. आम्लाने चुनखडी काढून न टाकता, किंवा ती वेगळी मोजून वजा न करता मिळालेला आकडा कित्येक पटींनी फुगलेला असू शकतो. म्हणून सेंद्रिय कर्बाबरोबर मुक्त चुनखडी, सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता यांचीही तपासणी मागावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चुनखडीतही कर्ब असतो, मग ती वाढली तर साठाच वाढला, असा युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो. कोरड्या हवामानात मातीतील विद्राव्य कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांपासून चुनखडी बनताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि चिकणमातीवरील कॅल्शियम कमी होऊन तिथे सोडियमचे प्रमाण वाढू लागते. त्यामुळे माती विरघळल्यासारखी होते, पाणी मुरत नाही, मुळे वाढत नाहीत आणि सेंद्रिय कर्बाची आवकही घटते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन केंद्रातील शास्त्रज्ञांनी अर्धशुष्क प्रदेशातील काळ्या जमिनींच्या अभ्यासातून ही साखळी स्पष्ट केली आहे. चुनखडी वाढणे हे ऱ्हासाचे चिन्ह आहे. तिची मोजणी सेंद्रिय कर्बाच्या बेरजेत कधीही धरू नये.

पाचवी पायरी : साठा काढणे

सूत्र सोपे आहे. सेंद्रिय कर्बाची टक्केवारी, स्थूल घनता आणि थराची सेंटिमीटरमधील जाडी यांचा गुणाकार केला, की हेक्टरी टनांत साठा मिळतो. कर्ब ०.४५ टक्के, घनता १.३० आणि थर १५ सेंटिमीटर असेल, तर साठा हेक्टरी सुमारे ८.८ टन येतो. सर्व थरांचे साठे काढून बेरीज करावी. या साठ्याला ३.६७ ने गुणले, की तो कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत किती होतो, ते कळते.

आता ०.१ टक्का वाढ म्हणजे नेमके किती, ते पाहू. एका एकरातील १५ सेंटिमीटर खोलीच्या मातीचे वजन, घनता १.३० धरून, सुमारे ७९० टन होते. तिचा ०.१ टक्का म्हणजे ७९० किलो टिकाऊ कर्ब. एक टन चांगल्या शेणखतात निम्मा ओलावा आणि उरलेल्यात चौथा भाग कर्ब धरला, तर १२५ किलो कर्ब मिळतो, आणि उष्ण हवामानात त्यातला पाचवा भाग मातीत टिकला, असे समजले, तर २५ किलो. म्हणजे केवळ शेणखताने ०.१ टक्का वाढवायचा असेल, तर एकरी ३० टनांहून अधिक शेणखत लागते. कोरडवाहू पिकांना शिफारस असलेल्या हेक्टरी पाच टनांच्या, म्हणजे एकरी दोन टनांच्या मात्रेने त्याला दीड दशक लागेल, आणि तेही जुना कर्ब मध्यंतरी घटला नाही तरच. अमुक द्रावणाच्या चार फवारण्यांत किंवा एका हंगामात कर्ब ०.४ वरून १ टक्क्यावर नेल्याचा दावा कोणी केला, तर त्याला नमुना किती खोलीचा होता, कोणत्या महिन्यातला होता आणि उकिरड्याच्या जागेपासून किती अंतरावरचा होता, हे विचारावे.

मुळांचे मोल याच हिशेबातून समजते. जमिनीवरच्या अवशेषांपेक्षा मुळांतून आलेला कर्ब दुपटीहून अधिक प्रमाणात टिकतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे, कारण तो मातीच्या कणांत आधीच शिरलेला असतो आणि त्याला वाहून नेण्याचा किंवा जाळण्याचा प्रश्न येत नाही. जमिनीत वर्षातून किती महिने जिवंत मुळे आहेत, हा प्रश्न म्हणूनच मला खताच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सहावी पायरी : जमीन वापरानुसार उपाय

रब्बी ज्वारीसाठी खरिपात जमीन पडीक ठेवून वारंवार कुळवण्याची पद्धत बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील भारी जमिनींत जुनी आहे. पावसाच्या भरात उघडी राहिलेली जमीन धुपते, तापते आणि तिच्यात मुळे नसतात. हैदराबादजवळील पटानचेरू येथे इक्रिसॅट संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर केलेला प्रयोग या बाबतीत मार्गदर्शक आहे. एका भागात खरीप पड ठेवून रब्बी पीक घेण्याची रूढ पद्धत आणि दुसऱ्या भागात रुंद वरंबा-सरी, ज्वारीत तुरीचे आंतरपीक, संतुलित खते अशी सुधारित पद्धत ठेवली होती. साधारण २४ वर्षांनंतर १२० सेंटिमीटर खोलीपर्यंत रूढ पद्धतीत हेक्टरी ३९.५ टन, तर सुधारित पद्धतीत ४६.८ टन सेंद्रिय कर्ब आढळला, म्हणजे वर्षाला हेक्टरी सुमारे ०.३ टनांचा फरक पडला. उत्पादनही हेक्टरी सुमारे १.१ टनाच्या तुलनेत ५.१ टन मिळाले. ही माती आणि हे हवामान आपल्या बरेच जवळचे आहे. भारी जमिनीत पाणी साचते म्हणून खरीप सोडणाऱ्यांनी बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने रुंद वरंबे करून कमी दिवसांचा मूग किंवा उडीद घ्यावा आणि नंतर ज्वारी किंवा हरभरा पेरावा. पाऊस अगदी कमी असलेल्या आष्टी-पाटोदा भागात दोन्ही हंगाम साधतीलच असे नाही, तिथे पावसाच्या सुरुवातीवर निर्णय घ्यावा.

कापसाच्या रानात मुख्य तोटा पऱ्हाटी जाळण्याने होतो. हेक्टरी दोन ते तीन टन वाळलेल्या पऱ्हाट्या निघतात आणि वाळलेल्या वनस्पतीत वजनाच्या ४० ते ४५ टक्के कर्ब असतो. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात उभी ठेवणे किंवा बांधावर रचून ठेवणे योग्य नाही, तेव्हा फरदड (वेचणीनंतर कापूस तसाच राखून घेतलेले पुढचे पीक) न घेता वेळेत श्रेडरने बारीक तुकडे करून ते मातीत मिसळावेत किंवा त्यांचे कंपोस्ट करावे. पऱ्हाटीत कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असल्यामुळे थोडा युरिया किंवा शेणाची स्लरी दिल्याशिवाय ती लवकर कुजत नाही आणि पुढच्या पिकाचे नत्र ओढून घेते. कापसात तुरीच्या ओळी ठेवाव्यात, कारण तुरीची मुळे खोल जातात आणि तिची पानगळ जागच्या जागी पडते. दोन ओळींत ताग पेरून तो फुलावर येण्याआधी कापून तिथेच पसरवणे हाही चांगला उपाय आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला संपूर्ण खरीप हिरवळीच्या खतासाठी सोडण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण कोवळा हिरवा पाला झपाट्याने कुजतो. त्यातून नत्र चांगले मिळते, पण टिकाऊ कर्ब थोडाच.

सोयाबीनमध्ये पाने काढणीपूर्वीच गळतात, ही चांगली गोष्ट आहे. पण बनीम (कापलेल्या पिकाची गंजी) एका ठिकाणी लावून मळणी झाल्यावर भुसकटाचा ढीग त्याच कोपऱ्यात राहतो आणि अनेकदा पेटवला जातो. जनावरांना लागेल तेवढे ठेवून बाकीचे रानात पसरवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्याहून मोठी अडचण सलग सोयाबीन-हरभरा घेण्याची आहे. या दोन्ही पिकांचे अवशेष कमी आणि लवकर कुजणारे असल्यामुळे दोन-तीन वर्षांतून एकदा ज्वारी किंवा मका फेरपालटीत यायला हवा, त्यांची धसकटे उपटून न काढता तशीच राहू द्यावीत.

उसाच्या रानात अवशेष मुबलक असतात. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते आणि खोडव्यात नांगरट नसल्याने माती कमी ढवळली जाते. पाचट जाळले नाही, तर उसाची जमीन कर्बाच्या दृष्टीने सुधारू शकते. ते सरीत दाबून प्रतिटन आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकण्याची शिफारस सर्वत्र वापरली जाते. तरीही कर्ब वाढतो म्हणून मराठवाड्यात उसाचे क्षेत्र वाढवावे, असे म्हणणे मला मान्य नाही. पाण्याचा हिशेब त्याच्या विरुद्ध जातो, आणि कालव्याच्या लाभक्षेत्रात अतिपाण्याने चोपण झालेल्या जमिनी कर्बही गमावतात. ज्यांच्याकडे ऊस आहे, त्यांनी पाचट जाळू नये, एवढाच या परिच्छेदाचा आग्रह आहे.

फळबागेत प्रश्न दोन ओळींमधील पट्ट्याचा असतो. जालना, पैठण भागातील अनेक मोसंबी बागांत हा पट्टा वर्षभर वखरून स्वच्छ ठेवला जातो. झाडाखालच्या मातीत कर्ब वाढत असताना मधल्या पट्ट्यात तो घटतो, आणि बागेचे बहुतेक क्षेत्र मधलेच असते. म्हणूनच वर नमुने वेगळे ठेवायला सांगितले. या पट्ट्यात पावसाळ्यात ताग, चवळी किंवा गवत वाढू द्यावे, ते कापून झाडाच्या आळ्यात आच्छादन करावे आणि मशागत थांबवावी. छाटणीच्या फांद्या जाळू नयेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणात वाळल्या. झाडाच्या खोडात साठलेला कर्ब असा एका दुष्काळात सरपणाला जाऊ शकतो, तर मातीत गेलेला बराच भाग मागे राहतो. पाण्याची शाश्वती नसलेल्या हलक्या जमिनीत सीताफळ, बोर, चिंच ही झाडे मोसंबीपेक्षा भरवशाची आहेत.

गायरान आणि माळरान यांच्याकडे पडीक म्हणून पाहिले जाते, आणि हीच या साऱ्या विषयातील सर्वांत महागडी चूक आहे. मारवेल, पवना यांसारख्या बहुवार्षिक गवतांची दाट मुळे वर्षानुवर्षे मातीत कर्ब भरत असतात. अतिचराईने ही गवते जाऊन कुसळीसारखी निकृष्ट गवते उरली, तर आवक घटते. वणवा लागला, तर जमिनीवरचे सर्व जाते आणि पहिल्या पावसात उघडी माती धुपते. दोन-तीन पावसाळे चराईबंदी करून गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवावी, मोकळ्या जागी स्टायलो (चाऱ्याचे द्विदल पीक) आणि मारवेलचे बी टाकावे आणि उन्हाळ्याआधी वणवा अडवणारे जाळपट्टे काढावेत. वृक्षलागवडीसाठी यंत्राने संपूर्ण माळ उकरू नये. झाडे लावायचीच असतील, तर ती ओघळीच्या कडेने, खोल मातीच्या जागी लावावीत आणि गवत अबाधित ठेवावे. किनवट-माहूरचे सागवान किंवा गौताळ्याचे जंगल यांची नक्कल वीतभर मातीच्या माळावर होणार नाही.

बांधांविषयी थोडक्यात. रुंद बांध नांगरून पिकाच्या दोन ओळी अधिक मिळवण्याने शिवारातील सर्वांत जुना कर्ब जातो. बांधावर कडुलिंब, बाभूळ आणि गिरिपुष्प ठेवावे, गिरिपुष्पाची छाटणी वर्षातून दोन-तीनदा करून पाला रानात टाकावा. उताराला आडवी पेरणी आणि समतल बांध यांचे कर्बाशी नाते थेट आहे, कारण वाहून जाणारी पहिली माती ही सर्वांत कर्बयुक्त माती असते.

धरणातील गाळाबाबत २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे बरीच जागृती झाली आहे. हलक्या मुरमाड जमिनीत गाळ टाकल्याने खोली आणि चिकणमाती वाढते, ओल टिकते आणि पीक वाढल्याने पुढे कर्बही वाढतो. पण गाळाबरोबर आलेला कर्ब हा वरच्या शेतांतून वाहून आलेलाच कर्ब आहे. त्याला नवी साठवण म्हणून मोजू नये, आणि भारी काळ्या जमिनीत गाळ टाकू नये.

शून्य मशागतीवर सध्या बरीच चर्चा आहे. धूप आणि डिझेल दोन्ही वाचवणारी ही पद्धत आहे. कर्बाबाबत मात्र तिच्यामुळे बऱ्याचदा वरच्या थरात वाढ आणि खालच्या थरात घट दिसते, म्हणून तिचा लाभ फक्त वरच्या १५ सेंटिमीटरवरून ठरवू नये. अवशेष रानात ठेवले नाहीत, तर नुसती नांगरट थांबवून फारसे हाती लागत नाही. बायोचारबद्दलही (कमी हवेत भाजून केलेला वनस्पतींचा कोळसा) सावध राहावे : तो टिकाऊ आहे, पण बहुतेक बायोचार अल्कधर्मी असतो आणि आपल्या जमिनींचा सामू आधीच वर आहे.

सातवी पायरी : पुन्हा मोजणी आणि नोंदवही

दरवर्षी कर्ब तपासण्याचा आग्रह धरू नये. वर्षभरात होणारा खरा बदल नमुना घेण्यातील चुकीपेक्षा लहान असतो. तीन ते पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच खोलीपर्यंत, त्याच प्रयोगशाळेत आणि शक्यतो त्याच पद्धतीने मोजणी करावी. पहिल्या वेळच्या ठिकाणांची मोबाइलवर अक्षांश-रेखांशांसह नोंद ठेवावी आणि जुन्या नमुन्यातील थोडी वाळलेली माती बाटलीत जपून ठेवावी, म्हणजे दोन्ही नमुने एकाच दिवशी एकत्र तपासता येतात. स्थूल घनता पुन्हा मोजावी. ती बदललेली असेल, तर ठरावीक खोलीऐवजी मातीच्या सारख्या वजनावर तुलना करावी. पहिल्या वेळी १५ सेंटिमीटरमध्ये हेक्टरी १,९५० टन माती होती आणि आता जमीन मोकळी होऊन ती १,८०० टन भरत असेल, तर उरलेल्या १५० टनांसाठी खालच्या थरातील कर्ब हिशेबात धरावा लागतो.

कर्ब क्रेडिटचे (मातीत साठवलेल्या कर्बाच्या बदल्यात पैसे देण्याचे) करार घेऊन कोणी आले, तर हीच नोंदवही उपयोगी पडते. सही करण्यापूर्वी कर्ब प्रत्यक्ष मोजणार की संगणकीय प्रतिरूपावरून ठरवणार, किती खोलीपर्यंत मोजणार, चुनखडी कशी वगळणार, करार किती वर्षांचा आहे, मध्येच दुष्काळात बाग काढावी लागली किंवा रान नांगरावे लागले तर काय होईल, आणि मिळणाऱ्या रकमेतील किती हिस्सा शेतकऱ्याचा, हे लेखी आणि मराठीत मागावे. सुरुवातीचा साठा आपल्या हातात नसेल, तर वाढ किती झाली हे समोरचाच ठरवतो. म्हणून करारापूर्वीची पहिली मोजणी गावाने स्वतःच्या खर्चाने करावी, तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या फाइलमध्ये ठेवावा आणि त्यावर नमुना घेणाऱ्याची सही, तारीख व गट क्रमांक असावेत.